आमच्यावर झालेल्या प्रत्येक गोलमागे

…आणि झोप उडायला आयांना कारणं काय कमी असतात का हो? पोराला ताप असतो, खोकला असतो, गॅस बंद केला की नाही ही शंका असते, ती तर मला रोजचीच… पण परवाची आख्खी रात्र मी छताकडे बघत काढली ती कशापायी, सांगू? उद्याच्या सामन्यात माझ्या मुलीनं गोल अडवले तर काय करायचं, यापायी! हो हो, अडवले तर! बरोबर ऐकलंत. मुलगी माझीच, पोटची, वय वर्षं दहा, मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, आणि तिची सख्खी आई अंथरुणात पडून हात जोडून म्हणतेय, पाच जाऊ देत रे बाबा आत, जास्त नको, पाचच! शेजारी नवरा शांत झोपलेला. पलीकडच्या खोलीत ती शांत झोपलेली. जागी कोण? मी! का? तर मुलांसाठीच ना सगळं!

हे वाक्य माझं नाही हं. हे कॅप्टनच्या आईचं. बाईंना स्वतःचं नाव असणारच, पण चार वर्षांत कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही. त्या कॅप्टनची आई, मी गोलीची आई. त्या आमच्या निधी समितीच्या अध्यक्ष, आणि समिती म्हणजे त्याच, बाकीच्या आम्ही नुसत्या हजर. परगावच्या स्पर्धेला मुलींना न्यायला बस करायची होती. ती स्पर्धा अशी, की जिंकलेले, हरलेले, सगळे संघ जाऊ शकतात, म्हणजे आम्हीसुद्धा. फक्त बसचं भाडं ज्याचं त्यानं उभं करायचं. तर बाईंनी पहिल्याच बैठकीत आम्हाला दोन पानी कागद वाटला, ‘वर्गणी मागण्याचे शिष्टाचार’. आजारपण असलेल्या घरी मागू नये. समोरचा जेवत असताना मागू नये. एकाच माणसाला महिन्यातून दोनदा मागू नये. नाही म्हणाला तर हसून त्याच्या घरच्यांची चौकशी करावी. कागदावर खाडाखोड करू नये, कागद मोजके आहेत. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत, ‘मुलांसाठी आहे’ हे सांगायला विसरू नये.

मी तो कागद पाठ केला. तुम्हाला सांगते, मी शिकलेली बाई आहे, दोन पदव्या आहेत, एक तर पहिल्या वर्गातली. पण मागायचं कसं हा विषय मला कुठल्याच परीक्षेला नव्हता! दुकानात सुटे पैसे परत मागायचे तर मी ते तिथेच सोडून घरी येते. रिक्षावाला चुकीच्या रस्त्यानं निघाला तर मी त्याच रस्त्यानं जाऊन, पुढे उतरून, मागे चालत येते. अशी मी!

आधी मेणबत्त्या झाल्या. सुगंधी! प्रत्येक आईला चोवीस. मी कॅप्टनच्या आईकडून सहा घेतल्या, तिनं माझ्याकडून सहा घेतल्या, मग उरलेल्या अठरा घरी आणल्या नि माझ्या मीच विकत घेतल्या. अजून कपाटात आहेत. चादरींना वास येतो, मोज्यांना वास येतो, नवरा म्हणतो, “आपण हॉटेलात राहतोय की दवाखान्यात?” मग गाड्या धुण्याचा कार्यक्रम झाला. मुलींनी पहिलीच गाडी धुतली ती आमच्या कोचची, आणि धुतली ती फरशी घासायच्या ब्रशानं. त्या दिवशी जे जमलं ते रंगाच्या दुकानात गेलं. कोच चिडले नाहीत. लिफ्ट दुरुस्त करतात ते, वर काय नि खाली काय, त्यांना सारखंच. “मुलांसाठीच ना,” एवढं म्हणाले आणि पुसलेल्या आरशातून मागे बघत निघून गेले.

तर मग तिसरी कल्पना. गोलवर वर्गणी! म्हणजे लोकांनी सही करायची, की उरलेल्या चार सामन्यांत आपल्या मुलींनी केलेल्या प्रत्येक गोलमागे मी अमुक इतके देईन. ऐकायला किती छान! फक्त एक अडचण. आमच्या मुली गोल करत नाहीत. सबंध मोसमात एक झालाय, तोही समोरच्या मुलीची बुटाची नाडी सुटली आणि ती चेंडूसकट आपल्याच जाळीत जाऊन पडली म्हणून. आणि आमच्यावर? आमच्यावर सामन्याला नऊ, कधी दहा. आता हे सगळे जातात कुणाच्या हातून? आमच्या कन्येच्या!

ती गोलकीपर कशी झाली, विचाराल तर, उंच आहे म्हणून नाही, चपळ आहे म्हणून तर नाहीच नाही. ती नाही म्हणत नाही म्हणून! कोचनी विचारलं, कोण उभं राहतं, सगळ्या मुली आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या, आणि ही बया नेमकी वर बघत होती. माझ्यावर गेलीय. दुसऱ्या महिन्यात तिच्या पाण्याच्या बाटलीवर मार्करनं लिहिलेलं मला दिसलं, ‘चाळणी’. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, “टीममध्ये सगळ्यांना टोपणनावं असतात, आई.” बाकीच्यांची काय आहेत? तर म्हणे, “बाकीच्यांची अजून ठरायचीत.” मी ती बाटली स्पिरिटनं घासली. अक्षरं गेली, पण उजेडात धरली की अजून वाचता येतात.

बरं, तर तो कागद. आठ दिवस माझ्या पर्समध्ये. कोरा! बाकीच्यांचे भरत आलेले, ग्रुपवर फोटो येतायत, आणि मी दातांच्या डॉक्टरांकडे चाललेय, दाढ दुखतेय. म्हटलं, इथे मागू. माणूस बरा आहे, ओळखीचा आहे. पण मागणार कशी, तोंडात हे एवढाले बोळे, ओठ बधिर, लाळ ओढणारी नळी लटकतेय! मी नुसता कागद मांडीवर ठेवला, असा, त्यांना दिसेल असा, आणि डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. डॉक्टर हुशार. वाचला त्यांनी. म्हणाले, “वा, प्रत्येक गोलमागे! किती केलेत यंदा?” मी एक बोट वर केलं. “आणि झाले किती तुमच्यावर?” मी दहा बोटं दाखवली, मिटली, परत दाखवली, परत मिटली… सहाव्यांदा ते म्हणाले, “पुरे, पुरे, हात दुखतील.” आणि असे खदखदून हसले, की त्यांना चष्मा पुसावा लागला. “मग असं करू या का, वहिनी? जे होत नाहीत त्यांचे पैसे मी कशाला कबूल करू, तुम्हालाच तोटा! जे होतात त्यांचे देतो. तुमच्यावर झालेल्या प्रत्येक गोलमागे पन्नास! चालेल?”

आता तुम्ही मला सांगा, हातात सुई धरून माणूस विचारतो, चालेल का, तेव्हा नाही कोण म्हणतं? मी मान हलवली. झालं! डॉक्टरांनी पहिल्या ओळीत स्वच्छ लिहिलं, ‘संघावर झालेल्या प्रत्येक गोलमागे, पन्नास’, खाली सही. आणि तुम्हाला माहीतच आहे, अशा कागदावर पहिला माणूस जे लिहितो ते खालचे वाचतात का? छे! औषधवाले काका म्हणाले, “डॉक्टरांनी केलंय ना, मग झालं,” आणि लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. केस कापणाऱ्या ताईंनी ‘वरीलप्रमाणे’. ऑफिसातल्या साहेबांनी न बघता ‘वरीलप्रमाणे’. तीन दिवसांत एकवीस सह्या! आणि मला तोंड उघडावंसुद्धा लागलं नाही, नुसता कागद पुढे करायचा, माणूस पेन काढतो. आयुष्यात पहिल्यांदा मला मागणं जमलं होतं हो. मी काय ते मोडू? नवीन कागद मागू? खाडाखोड करू? शिष्टाचारात बसत नव्हतं!

कॅप्टनची आई मला फाडून खाईल, असं धरून मी गेले. बाईंनी कागद वाचला. परत वाचला. मग हळूच फोन काढला, त्यातलं गणकयंत्र उघडलं, आणि त्यांचा चेहरा जो बदलत गेला… लग्नात सुद्धा माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं! “अगं,” म्हणाल्या, “तीस गोल! तीस झाले की बस आपली! चार सामने आहेत, सामन्याला नऊ धर, छत्तीस! तुझी पोरगी म्हणजे खाणच निघाली की गं!” मी म्हटलं, पण हे बरं दिसतं का? लोक काय म्हणतील? आणि तिला कळलं तर? “तिला कशाला कळतंय? कुणी मुद्दाम थोडंच हरतंय? रोज हरतो तसंच हरायचं. मुलांसाठीच ना, बाई, सगळं!”

आणि मला ते पटलं. लिहून ठेवा, दोन पदव्यांसकट पटलं.

पहिला सामना, अकरा! आया कडेला उभ्या, दर गोलला हळूच टाळ्या, बोटांच्या टोकांनी, कोचना ऐकू जाणार नाही अशा. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा! सामना संपल्यावर कॅप्टनच्या आईनं माझ्या मुलीच्या गालाला हात लावून म्हटलं, “छान खेळलीस हं.” अकरा झाल्यावर! पोरगी बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी नजर वळवली, पाण्याची बाटली शोधल्यासारखं केलं.

दुसऱ्या सामन्याला घोटाळा झाला. औषधवाले काका आले. कुणीतरी त्यांना कागद समजावून सांगितला असणार, कारण ते आले ते दुकान बंद करून, आणि थेट आमच्या जाळीच्या मागे उभे राहिले. आणि काय आवाज हो त्या माणसाचा! “अडव! अगं अडव की बाई! उडी मार! डावीकडे बघ, डावीकडे!” केस कापणाऱ्या ताई आल्या, त्यांनी गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसवून ठेवलेलं. डॉक्टर आले. वर्गणीदार सगळे एका ओळीत, दर गोलला कपाळाला हात! आणि ही अडवायला लागली! म्हणजे, सगळेच नाही, आठ झाले, पण दोन असे अडवले, एक तर चक्क पोटावर, आणि काकांनी जी आरोळी ठोकली, “शाब्बास माझ्या वाघिणी!” परतताना बसस्टॉपवर ती मला म्हणाली, “आई, ते काका मला ओळखतात? मला बघायला आले होते?” काय सांगू? मी म्हटलं, हो. खोटं थोडंच होतं?

मग काय, रोज संध्याकाळी सराव. घरात! मधल्या पॅसेजमध्ये, बाथरूमचं दार म्हणजे गोल, चेंडू म्हणजे मोज्यांचा गुंडाळा, आणि मारणार कोण? मीच! “जोरात मार गं आई, तू मुद्दाम हळू मारतेस!” एकीकडे मी मारतेय, एकीकडे हिशेब चाललाय डोक्यात, हा अडवला म्हणजे पन्नास गुणिले एकवीस गेले, हाही अडवला, हाही… आणि ती पडते काय, लोळते काय, गुडघे सोलवटलेले, चेहरा असा उजळलेला की मला बघवेना. नवरा बाथरूममधून ओरडतोय, मला बाहेर येऊ द्या! मुलांसाठीच ना, म्हटलं, थांबा पाच मिनिटं.

तिसरा सामना, सहा. सहाच! कोच वेड्यासारखे उड्या मारतायत, हरलो होतो तरी. इकडे आयांचे चेहरे सुतकी. अकरा, आठ, सहा, पंचवीस झाले. शेवटचा सामना उरला आणि हवे होते पाच. कॅप्टनच्या आईनं मला बाजूला घेतलं, झाडाखाली, आवाज असा मधाळ: “कशी आहे गं तिची तब्येत? दमलीय का? नाही, म्हटलं, एखाद्या दिवशी हातमोजे विसरतात मुलं घरी… होतं असं. बारा मुलींचा प्रश्न आहे. एकीसाठी बाकीच्यांनी घरी बसायचं का? तूच बघ.” आणि वर तेच! काय? तेच! आता मी ते वाक्य म्हणत नाही, तुमचं तुम्ही म्हणा.

म्हणून ती झोप नाही आली, कळलं? पाच नाही झाले तर बस नाही. बस नाही तर अकरा मुली हिच्याशी वर्षभर बोलणार नाहीत. नाहीतरी कुठे बोलतात, पण आता कारणासकट नाही बोलणार. आणि पाच झाले तर? तर ती परत बाटलीवरची अक्षरं होणार. मी कूस बदलत होते, या कुशीवर बस, त्या कुशीवर मुलगी.

आणि सकाळी मी काय केलं… थांबा, हे मी अजून नवऱ्याला धड सांगितलेलं नाही. तिनं हातमोजे पिशवीत सगळ्यात वर ठेवले होते, एकात एक घालून, नीट. ती दात घासत होती. मी ते काढले आणि फ्रिजवर ठेवले. फेकले नाहीत, लपवले नाहीत, नुसते फ्रिजवर ठेवले, म्हणजे माझ्या मनाला सांगायला, की राहिले असतील… आणि पिशवीची चेन लावली. गॅस बंद केला का, ते त्या दिवशी मी बघितलंसुद्धा नाही.

मैदानावर तिनं पिशवी उघडली, चाचपली, उलटी केली. वर बघितलं. मी म्हटलं, “अगं बाई, विसरलो की काय!” नटी व्हायला हवं होतं मी. तिनं हात पॅन्टला पुसले आणि जाऊन उभी राहिली. मुली तिच्याभोवती गोळा झाल्या, कॅप्टन काहीतरी कुजबुजली, शिट्टी झाली.

पहिला गोल, पाचव्या मिनिटाला. साधा, सरपटत आलेला, पॅसेजमध्ये ती डोळे मिटून अडवते तसला. दुसरा, तसाच. माझ्या शेजारी कॅप्टनची आई पुटपुटली, “सत्तावीस.” आणि मी… मी दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होते, कारण माझ्या तोंडून मोठ्यानं ‘तीन राहिले’ निघेल, अशी मला भीती वाटत होती. तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. लांबून.

आणि त्यानंतर एकही नाही. एकही! उघड्या हातांनी! त्या दुसऱ्या संघाच्या मुली घोड्यासारख्या, चेंडू असा सणसणत यायचा की मी डोळे मिटायचे, आणि नुसता आवाज ऐकायचे, फट्! तळव्यावर! परत फट्! औषधवाले काका रडायला लागले. खरंच रडले, पैसे वाचले म्हणून की काय ते त्यांचं त्यांना माहीत. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, तीसुद्धा बोटांनी बाहेर काढली, आणि बोट धरून खालीच बसली. दोन-शून्य. हरलो. कोचनी तिला खांद्यावर घेतलं. आया आपापल्या मुलींच्या जर्किनच्या चेनी लावत होत्या, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. कॅप्टनच्या आईनं फोन पर्समध्ये टाकला आणि एवढंच म्हणाली, “तीन. फक्त तीन.”

घरी आलो. स्वयंपाकघरात ती स्टुलावर बसलेली, मधलं बोट सुजून वांग्याएवढं, मी रुमालात बर्फ गुंडाळून धरलाय, आणि समोर फ्रिजवर ते हातमोजे, पिवळे, दोघींना दिसतील असे. मला नाही राहवलं हो. सगळं सांगितलं. खुर्ची, डॉक्टर, वरीलप्रमाणे, टाळ्या, ते काका कशाला यायचे, हातमोजे कुणी काढले… सगळं! बर्फ वितळून कोपरापर्यंत पाणी आलं तरी मी बोलतेच आहे, म्हणतेय, रागव मला, ओरड माझ्यावर, काय हवं ते बोल!

ती बोटाकडे बघत होती. मी मनात तयारी केली, आता ही म्हणणार, तू माझी आई नाहीसच. किंवा म्हणणार, मी खेळणं सोडते. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि ते सगळ्यात वाईट. त्यावर काय बोलायचं, तेही मी ठरवून ठेवलं.

ती म्हणाली, “मला माहीत होतं गं. सकाळी कॅप्टननं सांगितलं, बससाठी पाच सोडायचेत. मी सोडणारच होते, दोन सोडले पण. मग तुझ्याकडे बघितलं, तर तू अशी तोंडावर हात दाबून उभी. म्हटलं, आईला किती वाईट वाटतंय. मग मला नाही सोडवले.” आणि बर्फाचा रुमाल माझ्या हातातून घेऊन, स्वतःच बोटाला नीट गुंडाळत म्हणाली, “पुढच्या वर्षी तू नको येऊस हं सामन्याला. बाबांना पाठव. ते फोनमध्ये बघत बसतात.”